पोवारांची पेनल्टी

गुंतवणुकीचा सल्ला मागायला आलेल्या माणसाला बागेत नेऊन गोलमध्ये उभं करणारा सल्लागार तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, निवृत्तीच्या वयात सलवार-कमीज सावरत त्याच्यासमोर उभीही राहिले.

रणजित पोवार मूळचे कोल्हापूरचे. कॉलेजच्या फुटबॉल टीमचे स्ट्रायकर. त्या जोरावर बँकेत लागले, बँकेनं बदली करून चंदीगडला आणून टाकलं, आणि पुढे बँकच सोडून त्यांनी सेक्टर ३४ मध्ये, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर स्वतःचं ऑफिस थाटलं. पैशातलं त्यांना उत्तम कळतं, हे आधीच सांगून टाकते. बाजार कोसळला की कुणीतरी घाबराघुबरा कर्नल फोन करतो आणि पोवार शांतपणे विचारतात, "सरजी, हाफ टाइम हुआ है. मॅच कहाँ खतम हुई?" कर्नलसाहेब निमूट फोन ठेवतात.

मराठी माणूस भेटला की मात्र हिंदी-पंजाबी गुंडाळून ठेवायची आणि अस्सल कोल्हापुरी सुरू. "ताई, कागदावर सगळीच शूर असत्यात. माणूस कळतो त्यो गोलमध्ये!"

मी सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेतून निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे हातात आले. भाऊ म्हणाला, "बँकेत ठेव आणि गप्प बस." झालं! मला शेअरच हवे होते.

पोवारांनी रविवारी चंदीगडजवळच्या एअरोसिटीतल्या आपल्या घरी बोलावलं. चहा पीत माझे कागद वाचले. पेन्शन किती, घर कुणाचं, दुखणीखुपणी काय, सगळं विचारलं. मग बॉल काखोटीला मारून मला समोरच्या बागेत नेलं. एकीकडे माझी पर्स, दुसरीकडे त्यांची ब्रीफकेस, मधे मी. बागेत मोठ्या माणसांना बॉल खेळायला बंदी आहे. चौकीदार धावत आला, तर पोवारांनी गळ्यातला टाय उचलून दाखवला. "खेल नहीं है जी, काम चल रहा है!"

आणि धाडकन बॉल आला. मी डावीकडे झेपावले, बॉल उजवीकडून गेला.

"ताई, मी पाय उचलायच्या आधीच उडालासा! अशी माणसं बाजार पडायच्या आधीच विकून मोकळी हुत्यात. शेअर नाय तुम्हाला. पुढच्या रविवारी परत या."

अहो, मी आयुष्यात कधी नापास झालेली बाई नाही! आठवडाभर भाचीला सोफ्यावर उभं केलं आणि उशा फेकायला लावल्या. पुढच्या रविवारी मी डोळे बॉलवर रोवून उभी राहिले आणि तो चक्क पोटाशी धरला. पोवार हात उंचावून ओरडले, "नाद खुळा!" मग बॉल परत घेतला, रुमालानं पुसला. "पास झालासा, ताई. आता काय, सगळं फोनवर हुईल," असं म्हणाले आणि उगाच बागेकडे बघत राहिले.

घरी परतल्यावर ते हात धुवायला आत गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, वहिनी, हळूच मला म्हणाल्या, "तुमचे निम्मे पैसे शेअरमध्ये, निम्मे एफडीत, हे त्यांनी पहिल्या दिवशी चहा पितानाच मला सांगितलं होतं. त्या पेनल्टीवर कधीच कुणाचं काही ठरत नाही हो."

"मग हा तमाशा कशाला?"

"इथं त्यांच्याशी खेळणार कोण? मैदानावर गेले तर पोरं 'अंकल जी' म्हणून रेफरीची शिट्टी हातात देतात. क्लायंट तेवढा नाही म्हणत नाही. पण तोही एकदा पास झाला की संपलं."

पोवार हात पुसत बाहेर आले. मी म्हटलं, "पोवार, पैसे तुम्ही म्हणाल तसे गुंतवा. पण माझी भीती काही गेली नाही. पुढच्या रविवारी परत परीक्षा घ्या."

"पक्कं?" त्यांनी विचारलं. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा बघायला हवा होता.

माझे पैसे केव्हाच मार्गी लागले. परीक्षा मात्र दर रविवारी असते. मी मुद्दाम आधीच उडी मारते आणि पोवार खुशीत ओरडतात, "ताई, अजून कच्च्या हायसा!"

गेल्या रविवारी त्यांनी ब्रीफकेस उघडली. आत कागद नव्हते. गोलकीपरचे नवे कोरे हातमोजे होते.

"क्लायंटसाठी आणलेत. सगळ्यांनाच लागत्यात," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

पोवारांचे क्लायंट म्हणजे बहुतेक फौजी, एकेकाचा पंजा हा एवढा. मी मोजे चढवले. माझ्या हातांना ते अगदी बरोब्बर बसले.