भिकाजीदादांची परीक्षा

भिकाजीदादा लग्नाच्या पंगतीलाही रबरी बूट घालून यायचे. यजमान कपाळाला हात लावायचे, पण बोलणार कोण? रत्नागिरीत वीज नवी होती आणि तिला हात लावणारा वायरमन अख्ख्या गावात हा एकच!

दादा हे काम मुंबईच्या गिरणीत शिकलेले. विजेला ते 'म्हातारी' म्हणत. कुणी दिवा पुसायला गेलं की खेकसत, "मेल्या, निजली हाय की जागी, इचारलंस काय तिला?"

मी वीज कंपनीच्या कचेरीत कारकून होतो. नव्या पेठेत खांब उभे राहिले, पण तारा ओढायला माणसं नाहीत. मुंबईहून कुणी येईना; आमच्याकडची माणसं उलट मुंबईला जाणारी! शेवटी मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं, दादांनी इथलाच कुणीतरी तयार करावा.

उमेदवार पुष्कळ आले. दादांची परीक्षा एकाच प्रश्नाची.

"खांबावर चढताना भ्या वाटंल काय?"

माडावरून नारळ उतरवणारा रघू छाती काढून म्हणाला, "अजिबात न्हाय!"

"जा घरी."

एक खलाशी म्हणाला, "वादळात डोलकाठीवर चढलोय मी!"

"मग तिकडंच जा परत."

असे सातजण परत गेले. साहेब भडकले. "याला दुसरा वायरमन नकोच आहे," म्हणाले आणि मला दादांना समज द्यायला धाडलं. खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

दादा घरी एकटेच चुलीवर कालवण ढवळत होते. निरोप ऐकून म्हणाले, "शिकवलंय मी एकाला. मुंबईत. माझ्या धाकट्या भावाला. लय धीट. म्हणायचा, दादा, तू उगीच भितोस." पळी हातात तशीच राहिली. "तो वर होता. मी खाली. म्हातारी जागी होती."

मी उठून आलो. साहेबांना सारं सांगितलं. त्यांनी पुन्हा घाई केली नाही.

पुढच्या आठवड्यात गणू आला. प्रश्न ऐकूनच त्याला घाम फुटला. "भ्या वाटतंय, दादा. पन बायकोला टाकून मुंबईस जायचं न्हाय मला."

"हाच!" दादा ओरडले.

चार महिने त्यांनी गणूला जमिनीवरच शिकवलं. मग एका सकाळी, वीज बंद आहे हे तीनदा तपासून, त्याला खांबावर चढवलं. खाली शिडी दोन्ही हातांनी आवळून दादा उभे, डोळे घट्ट मिटलेले.

"आवाज दे रे!"

"हाय, दादा!"

क्षणभरानं पुन्हा, "आवाज दे!"

"हाय, दादा!"

सगळी पेठ हसत होती.

गणू उतरला. दादांनी त्याचे हात आपल्या हातांत घेतले, उलटेपालटे केले, एकेक बोट चाचपून पाहिलं.

"आज जेवायला ये," ते म्हणाले. "बायकोलाही आन. मी सुरमई आनतो."

दादांनी कुणाला घरी जेवायला बोलावलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.