रेडकर आधी बसून बघतात

रेडकर कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिच्यावर बसून बघतात. खुर्ची, सोफा, पलंग यांच्यावर कुणीही बसेल, त्यात काय मोठंसं. पण मी त्यांना नव्या सूटकेसवर बसलेलं बघितलंय, वॉशिंग मशीनच्या खोक्यावर बसलेलं बघितलंय, आणि एकदा तर मस्कतच्या हमरिया भागातल्या दुकानात तांदळाच्या पोत्यावर. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, चावल खाने का है." रेडकर आपले डोळे मिटून बसलेलेच. मग उठले आणि मला म्हणाले, "काकू, जुना तांदूळ आहे. बुडाखाली कुरकुरतो." आम्हीही तोच घेतला. भात मोकळा झाला की हो.

"पाठीला विचारायचं, काकू. डोकं खोटं बोलतं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, मुलाकडे मस्कतला बौशरमध्ये राहतो, आणि रेडकर आमच्या वरच्या मजल्यावर. मूळचे कुडाळकडचे, पन्नाशीचे, एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. मुलाच्या कॉलेजसाठी आणि सासूबाईंना बघायला म्हणून बायको शैला दोन वर्षांपूर्वी गावी गेली, तेव्हापासून एकटेच असतात. आईने इकडे यावं म्हणून त्यांनी किती विनवण्या केल्या. पण म्हातारी विमानात पाऊल ठेवायला तयार नाही. रोज संध्याकाळी जिन्यात उभं राहून तिला फोन करतात, कारण घरात म्हणे रेंज नाही. "आये, जेवलंस काय गे? काय जेवलंस?" तिचं जेवण आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ असतं.

आमच्याशी मात्र शहरी बोलतात. मधे मधे अरबी यल्ला, खलास, इन्शाल्ला पेरलेलं असतं. गणपतीच्या आरतीला वेळ सांगताना सुद्धा "साडेसातला, इन्शाल्ला."

आता या माणसाचा मला अभिमान का वाटतो ते सांगते. इथे मुलांकडे आलेल्या आईबापांचं कसं असतं, तुम्हाला ठाऊक असेल. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि आपण एसीत. खिडकीतून हायवे बघायचा. बाहेर ऊन असं की चालत कुठे जाता येत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना झोपावंसं वाटतं, तेही खरंच आहे. रेडकरांनी हे कधी हेरलं कोण जाणे. दर शुक्रवारी सकाळी ते बेल वाजवायचे. "काका, काकू, चला. यल्ला." कधी मत्र्याला मासे बघायला, कधी समुद्रावर, कधी नुसतंच डोंगरात जाऊन थर्मासमधला चहा प्यायला. आधी बरोबर त्यांच्या ओळखीच्यांचे आणखी आईबाप असत, ते आपापल्या देशी परतले. आम्ही दोघं उरलो. इराने, म्हणजे माझ्या नातीने, त्याला नाव ठेवलं होतं, "आजी-आजोबा टॅक्सी."

आमचे हे पुढच्या सीटवर. हे वीज मंडळात इंजिनियर होते. बोलणं मोजकं, ताठा भरपूर. रेडकर यांना म्हणायचे, "काका, तुम्ही बसत नाही, तुम्ही टेकता. साहेबाने बोलावल्यासारखे." हे म्हणायचे, "आणि तुम्ही पसरता." तशी त्यांची मैत्री होती.

तर आता तो इब्र्याचा दिवस. हे लिहू की नको म्हणून मी यांना विचारलं. म्हणाले, "लिही, पण सरळ लिही. वाचणारेही कधीतरी माझ्या वयाचे होतील."

इब्रा हे मस्कतपासून दोनेक तासांवरचं गाव, तिथे बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना आत मज्जाव. मला तो बघायचा होता. रेडकरांनी त्यासाठी रजा काढली. मी आत गेले आणि रमले. भाषा येत नव्हती, पण बायकांना बाजारात भाषा कशाला लागते. तिकडे हे दोघं चहाच्या टपरीवर. एक चहा, दुसरा चहा, मग थंडगार ताक. परत निघालो तेव्हा हे सारखे पाय हलवत होते. रस्ता डोंगरातून जातो, मैलच्या मैल काही नाही. रेडकरांनी वाटेत दोनदा विचारलं, "काका, थांबायचं कुठे?" हे म्हणाले, "कशाला? चला."

बिल्डिंगखाली गाडी थांबली आणि हे उतरेनात.

मला कळायला एक क्षण लागला. रेडकरांना लागला नसावा. त्यांनी डिकीतल्या सगळ्या पिशव्या एकदम उचलल्या. "मी हे वर ठेवतो, लिफ्ट खाली पाठवतो, तुम्ही शांतपणे या," असं म्हणून ते मागे न बघता गेले. सीट ओली झाली होती, आणि ती कापडाची. मी ओढणीने पुसायला लागले, पण कापड ते, पिऊन बसलेलं.

तासाभराने त्यांचा फोन. "काकू, माफी मागायची होती. माझा बर्फाचा डबा गळला वाटतं. काकांची पँट भिजली असेल." बर्फाचा डबा डिकीत होता. तिथून पुढच्या सीटवर गळायला त्याला पाय फुटायला हवे होते. मी यांना निरोप सांगितला. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "हो, बर्फच तो." आणि पेपर वर धरला.

त्यानंतर शुक्रवार आला की यांचे गुडघे दुखायला लागायचे. मग डोकं. मग "आज मॅच आहे." रेडकर बेल वाजवायचे, दारातच दोन वाक्यं बोलायचे आणि जायचे. मला म्हणायचे, "काकू, तुम्ही तरी चला." यांना सोडून मी कशी जाणार? खिडकीजवळची खुर्ची यांनी धरली ती सोडेनात. खाली मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत चालायला जायचे, पुढे पुढे तेही बंद केलं. जेवणही कमी झालं. मुलगा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. डॉक्टरने गोळी दिली, म्हणाला, या वयात होतं, फिरत राहा. फिरत राहा म्हणे. मला त्या खुर्चीचा राग यायला लागला होता.

आणि याच सुमारास रेडकरांनी नवीन गाडीचं काढलं.

जुनी गाडी धापा टाकत होती हे खरं. मॉडेल ठरलं, रंग ठरला, अडलं ते सीटवर. कापडाची सीट गाडीबरोबर येते, लेदरला जादा मोजावे लागतात. द्यावेत की नाही? हा प्रश्न त्यांनी किती महिने चालवला म्हणता. लिफ्टमध्ये विचारायचे, वॉचमनला विचारायचे, भाजीवाल्याला विचारायचे. शोरूममध्ये दर शनिवारी जाऊन डोळे मिटून बसायचे. तिथला शाजी नावाचा केरळी सेल्समन त्यांना चहा आणून द्यायला लागला होता. एकदा त्यांनी त्याला विचारलं, "ये चमडा किसका है?"

शाजी म्हणाला, "कंपनी का है, सर."

"वो नहीं. किस जानवर का?"

"सर, मैं मॅनेजर से पूछता हूँ."

मॅनेजरने येऊन सांगितलं की बरंचसं नकलीच असतं, नुसतं बसायच्या जागी अस्सल. रेडकर म्हणाले, "बसायचं तर तिथेच आहे."

मग झाली गच्चीवरची परीक्षा. मे महिना, भर दुपार. इरा धावत आली, "आजी, रेडकर अंकल टेरेसवर उन्हात बसला आहे. ही इज नॉट ओके." मी वर गेले तर काय, दोन खुर्च्या. एकीवर लेदरचा तुकडा, दुसरीवर कापडाचा. रेडकर आळीपाळीने बसतायत. तेवढ्यात पाण्याची टाकी बघायला घरमालक आले, म्हणजे आमचे अर्बाब, पांढरा शुभ्र झगा घातलेले. "रफीक, एश हादा?" मित्रा, हे काय चाललंय, म्हणून. रेडकरांनी सांगितलं. अर्बाब गंमत म्हणून लेदरवर टेकले आणि बसताक्षणीच उठले. "कपडा अच्छा," झगा झटकत म्हणाले, "खलास."

रेडकरांनाही चटका बसलाच होता. मी म्हटलं, "झालं ना आता? पाठीने कौल दिला."

"दिला," ते म्हणाले. "पण मी लेदरच घेणार बहुतेक."

मला काही समजेना. जन्मभर पाठीचं ऐकणारा माणूस, आणि आज पाठीला खोटं पाडायला निघालेला. बिल्डिंगमधले लोक हसायला लागले. रेडकर आता शेख झाले, बायको गावी आणि हे लेदरवर, असं काय काय. माझी सून सुद्धा म्हणाली, "आई, नुसती शायनिंग." रेडकर सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. "अहो, वीस वर्षं डक्टमध्ये पोटावर सरपटलो. आता मऊ बसू दे की." लोकांना ते पटायचं, आणि मलाही पटलं. मी म्हटलं, हौस आहे माणसाची, असू दे.

एका शनिवारी ते यांच्यासमोर येऊन बसले. "काका, आज सही करायची आहे. पण तो शाजी मला गुंडाळतो. तुम्ही इंजिनियर. तुम्ही बसून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मला सीटमधलं काय कळतं?"

"पाठ आहे ना?"

शोरूम घाला नावाच्या भागात, दहा मिनिटांवर. मुलगा आपल्या गाडीतून सोडायला तयार होता. इंजिनियर म्हटल्यावर हे जरा सरळ झालेच होते. उठले. केस विंचरले. कित्येक दिवसांनी यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

शोरूममध्ये ती गाडी उभी होती, राखाडी रंगाची, आतून काळं लेदर. रेडकरांनी यांना पुढच्या सीटवर बसवलं. मी उघड्या दाराशी उभी. शाजी हात जोडून. हे टेकले, नेहमीसारखे, आणि डॅशबोर्डवरून हात फिरवत म्हणाले, "बरी आहे."

"जरा उठता, काका?"

हे उतरले. रेडकरांनी खिशातून पाण्याची बाटली काढली, बूच उघडलं आणि अख्खी बाटली त्या कोऱ्या सीटवर ओतली.

"सर, सर, ये क्या कर रहे हो," शाजी पुढे झाला. रेडकरांनी एका हाताने त्याला थांबवलं, दुसऱ्या हाताने रुमाल काढला. एकदा पुसलं. रुमाल पिळला, पुन्हा पुसलं. मग आपल्या पांढऱ्या शर्टाची बाही तिथे दाबून धरली आणि यांच्यासमोर केली. कोरडी.

"बघा काका," ते हळू म्हणाले. आमच्याशी शहरी बोलणारे रेडकर तेव्हा मात्र आईशी बोलतात तसं बोलले. "पुसला की झाला. मागे काय एक रवत नाय. कोणाकच काय कळाचा नाय."

मी मोटारीचं दार धरलं. इतके महिने ती गच्ची, तो शाजी, शेख म्हणून ऐकून घेतलेलं सगळं माझ्यासमोर उभं राहिलं, आणि मी यांच्याकडे बघायचं टाळलं. हे ताठ उभे होते. मला भीती वाटली, आता हे चिडतील, मुलाला फोन लावायला सांगतील, आणि मग ती खुर्ची कायमचीच.

हे वाकले. चष्मा वर करून सीटकडे बघितलं, आणि शिवणीवरून बोट फिरवलं.

"टाक्यांमधून पाणी आत जात नाही?" यांनी विचारलं.

"जाईल थोडं. मी आतल्या स्पंजावर प्लास्टिक चढवून घेणार आहे, काका. तसं करून देणारा माणूस बघून ठेवलाय."

"जाड चढवा. पातळ फाटतं."

"जाड."

यांनी शिवण पुन्हा एकदा दाबून बघितली. मग सरळ झाले आणि शाजीला म्हणाले, "यही वाली. लेदर."

रेडकरांनी सही केली. शाजीने मिठाई आणली, काजू कतली होती, यांनी दोन खाल्ल्या.

गाडी आली, नारळ फुटला, आणि रेडकर आता तिला लेकरासारखं पुसतात. पुढच्या शुक्रवारी बेल वाजायच्या आधी हे खाली जाऊन उभे होते. गुडघ्यांचं नावही काढलं नाही. मला म्हणाले, "तुझं आवरायला नेहमीच उशीर."

आम्ही पुन्हा इब्र्याच्याच रस्त्याला लागलो. शुक्रवारी तो बाजार नसतो, पण यांनीच सुचवलं, त्या बाजूला जाऊ. इरा माझ्याजवळ मागे, कानात काहीतरी घालून. दोन्ही बाजूंनी तपकिरी डोंगर. रेडकर त्यांच्या आईने काल काय खाल्लं ते सांगत होते, उकड्या तांदळाची पेज आणि सुका बांगडा, डॉक्टरने नको म्हटलेलं असताना. हे ऐकत होते. मधेच मी यांना त्या दिवसासारखे पाय हलवताना बघितलं. रेडकर काही विचारेनात. समोर बघत गाडी चालवत राहिले.

मग हे बोलले. नातीसमोर, माझ्यासमोर, अगदी ऑफिसात बोलायचे त्या आवाजात.

"रेडकर, पुढच्या पंपावर थांबवा. मला जायचंय."

पंप अजून बराच लांब होता. रेडकरांनी इंडिकेटर तेव्हाच लावला.