हिरव्या ठिपक्यांचा रस्ता

दाक्षायणीनं एकदा मनावर घेतलं, की सोलापुरातला कुठलाही प्रश्न दुपारच्या चहाआधी सुटायचा. निदान तिची तशी खात्री होती. काव्याच्या नोकरीचा प्रश्न तर तिला अगदीच किरकोळ वाटला.

काव्याला, म्हणजे तिच्या लेकीला, सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये संध्याकाळची पाळी मिळाली होती. वडिलांनी, रेवणसिद्ध अप्पांनी, होकार देताना अट घातली. साडेआठच्या आत पोरगी घरात, नाहीतर नोकरी बंद. त्यांना अंधाराची भीती वाटायची, आणि भीती वाटली की ते नियम करायचे.

काव्याच्या मैत्रिणीनं, सृष्टीनं, अशा मुलींसाठीच एक ॲप केलं होतं. रस्त्यावरचे दिवे, बसथांबे, पोलीस चौक्या, अशी सगळ्यांना खुली असलेली माहिती तिनं नकाशावर मांडली होती. शिवाय जी जागा सुरक्षित वाटते, तिथं कुणीही हिरवा ठिपका द्यायचा. जिकडं ठिपके जास्त, तिकडून ॲप रस्ता दाखवणार.

एवढंच ना, म्हणत दाक्षायणी चष्मा लावून बसली.

सुरक्षित जागा कुठली? जिथं पोरीला 'तू कुणाची गं' असं विचारावं लागत नाही, ती. दाक्षायणीचं माहेर भवानी पेठेतलं. मावशी, आत्या, चुलतभाऊ, सगळे दोन-चार गल्ल्यांत पसरलेले. तिनं एकेका दारावर ठिपका ठेवला. नकाशात मेथीचा वाफा उगवला!

दुसऱ्याच दिवशी ॲपनं काव्याला सरळ रस्ता सोडून भवानी पेठेत वळवलं. बसम्मा मावशी ओट्यावरच होत्या. "बा यव्वा," ये गं बाई, म्हणत त्यांनी स्कूटीची चावीच काढून घेतली. चहा झाला. पुढच्या दारात चिमाबाई आत्यानं शेंगापोळी खायला लावली. तिसऱ्या घरी, बसम्माकडं बसलीस आणि आमच्याकडं उभ्या उभ्या का, म्हणून रुसवा. काव्या साडेआठला कशीबशी घरी टेकली. पुढच्या दिवशी तर उशीरच झाला, आणि वर घरी जेवायला भूक नाही! रेवणसिद्धांच्या कपाळावरची आठी वाढत चालली.

इकडं ॲप वापरणाऱ्या परक्या मुलीही त्याच गल्ल्यांतून यायला लागल्या. दूध पुरत नाही, अशी बसम्मांनी फोनवर तक्रार केली. पोरी कुणाच्या ते माहीत नाही, पण तोंड सुकलेली पोरगी दारावरून जाऊ कशी द्यायची? दाक्षायणीनं घाबरून सृष्टीला ठिपके पुसायला सांगितले. सृष्टी म्हणाली, काकू, आता नाही जमायचं. त्या मुलींनी एकेका घराला दुजोरा दिलाय. एकीनं तर पोळीचंही लिहिलंय.

शेवटी रेवणसिद्धांनी निकालच लावायचं ठरवलं. "तुमचं यंत्र पोरीला कुटं फिरवतंय, उद्या मी सोता बघतो. त्याच रस्त्यानं येणार. मला साडेआठच्या वर वाजले, तर नोकरी संपली."

त्यांना अडवू नका, एवढंच सांगायला दाक्षायणीनं बसम्मा मावशीला फोन केला. पण बोलण्यात 'उद्या हे येणारेत' हे आधी गेलं, आणि पुढचं ऐकायला मावशी फोनवर राहिल्याच नाहीत. पेठेचा जावई लग्नानंतर पहिल्यांदाच असा घरोघरी येणार होता!

दुसऱ्या दिवशी काव्या सव्वाआठलाच दारात हजर.

"आज कुणी अडवलंच नाही गं. बसम्मा आजीच्या दारात अप्पांची स्कूटर होती, आणि सगळी माणसं आत."

मायलेकी वाट बघत बसल्या. साडेआठ वाजले. नऊ वाजले. साडेनऊच्या पुढं कधीतरी रेवणसिद्ध जिना चढले, दोन पायऱ्यांना एकदा थांबत. कपाळाला विभूती, डोक्यावर नवी कोरी टोपी, तिच्यावर दुसरी. खांद्यावर टॉवेलांची चळत, दोन्ही काखांत नारळ. ते खुर्चीत बसले ते हवा सोडल्यासारखे. काव्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी हातानंच नको म्हटलं. पाण्यालाही जागा नव्हती.

चहा नको म्हटलं तर ताट वाढतात, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"रस्ता बरा हाय," ते म्हणाले. "दिवे हायत. माणसं तर लईच हायत."

"मग नोकरीचं काय म्हणताय?" दाक्षायणीनं हळूच विचारलं.

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. मग लेकीकडं पाहिलं, जी केव्हाच हातपाय धुऊन, जेवून बसली होती.

"साडेआठ जरा लवकर होतंय," ते म्हणाले. "दहा करू."