लमाईमावशीचा मालक

लमाईमावशीने कमरेला बेकरीतल्या पोरींचा निळा एप्रन बांधला आणि आरशात बघून नाक मुरडलं. थायलंडमधल्या लांपांगच्या बाजारातले कसाईसुद्धा जिच्यापुढे मान खाली घालत, ती आज उतारवयात नोकरीला लागली होती. तीही आपल्याच भाडेकरूकडे!

इलाज नव्हता. डेन्मार्कच्या येप्पेने तिच्या घराच्या पुढच्या खोलीत बेकरी थाटली होती. परदेशी मालक म्हटला की त्याच्यामागे चार थाई नोकर हवेत, असा नियम. चौथी पोरगी कालच नवरा करून पळाली आणि आज परवान्याचे साहेब तपासणीला येणार. परवाना गेला की येप्पे चालला मायदेशी. मग मावशीने ओरडायचं कुणावर? पोटचा मुलगा तर बँकॉकला बसून तिचा फोनही उचलत नव्हता.

"हे बघ," तिने येप्पेला बजावलं, "साहेबांपुढे तू मालक, मी नोकर. कामाला हात लावलास तर याद राख! तुझ्या परवान्यात मालकाने नुसतं बघायचं, काम नोकरांनीच करायचं."

"बरं मावशी. बसू का?"

"मला काय विचारतोस मेल्या? मालक आहेस ना!"

साहेब आले. येप्पे ताडकन उठला आणि सवयीने त्याने आधी मावशीलाच हात जोडले. मग तिच्या समोरून जाताना कमरेत वाकून, खांदे चोरून, मांजरासारखा सरकला. वडीलधाऱ्यांपुढून ताठ जायचं नाही, हे तिनेच त्याला धपाटे घालून शिकवलेलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "नोकर बाईपुढे मालक वाकतो? इथे मालक आहे तरी कोण?"

"हाच की! लाजाळू आहे मेला."

"मालकाला मेला म्हणता?"

"लाडाने हो."

"असं? मग मालक, द्या बघू बाईंना एक हुकूम. त्यांनी पाळला तर सही करतो."

येप्पेने भीतभीत स्टुलाकडे बोट दाखवलं. "मावशी... सकाळपासून उभ्या आहात. बसा."

मला बसवणारा अजून जन्माला यायचाय, हे मावशीच्या अगदी ओठावर आलं. नवऱ्यानेही जन्मात कधी ही हिंमत केली नव्हती. तिने शब्द गिळले, "होय मालक" म्हणाली आणि धप्पकन स्टुलावर बसली.

सही झाली. साहेब गेले. पोरी मागे भट्टीपाशी तोंडात एप्रन कोंबून हसत होत्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. येप्पे पावांकडे धावला.

"खबरदार! हात लावायचा नाही."

"मग तुम्ही द्या ना, मावशी."

"मी कशी उठू? बसायचा हुकूम आहे तुझा."

येप्पेने हात जोडले. "कृपा करून उठा."

"याला हुकूम म्हणतात? साहेब माघारी फिरले तर? मालकासारखं बोल!"

येप्पेने डोळे घट्ट मिटले, छाती फुगवली आणि गरजला, "लमाई, ऊठ!"

गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. मावशी सावकाश उठली, एप्रन झटकला, पाव बांधून दिले आणि गिऱ्हाईकाला ताठ मानेने म्हणाली,

"आमचे मालक. फार कडक आहेत."