रोमन पिन आणि धैर्यशीलचं लोहचुंबक

धैर्यशील रणपिसे हा दक्षिण गोलार्धातला सर्वांत तल्लख मराठी मेंदू होता. हे त्याचं स्वतःचं मत होतं आणि ते खोडून काढायला हॅमिल्टनमध्ये कुणाला सवड नव्हती. घारीची नजर, बिबट्याची चाल आणि हत्तीची स्मृती, असं तो स्वतःचं वर्णन करी. देवव्रतला त्यातला फक्त हत्ती पटे, तोही स्मृतीपुरता नव्हे. एरवी धैर्यशील दूध पावडरीच्या कारखान्यात पाकिटांची सीलं तपासायचा. सुटीच्या दिवशी गुन्हेगारीचा नायनाट. देवव्रत त्याचा सहायक होता, कारण गाडी देवव्रतची होती.

त्या शनिवारी चारुदत्तचा फोन आला. "पिन गेली रे माझी!"

चारुदत्त इंजिनिअर, पण जीव अडकलेला रोमन काळातल्या ब्राँझच्या चिमुकल्या वस्तूंत. अंगठीसारखी बोटात घालायची किल्ली, नखाएवढी घंटा, आणि संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे बोटभर लांबीची एक पिन. अठराशे वर्षांपूर्वी कुणा रोमनाने ती आपल्या झग्याला लावली होती. रंग हिरवट-काळपट, पण स्प्रिंग अजून कडक. ती बघायला दुपारी पामर्स्टन नॉर्थहून ग्लेनिसबाई नावाच्या मोठ्या जाणकार यायच्या होत्या, आणि डबीत नुसता कापूस.

दारातच चारुदत्तची बायको स्नेहलता म्हणाली, "बूट काढा, आणि एक ऐका. काल जेवायला फक्त माझा भाऊ आला होता. प्रसादवर आळ आला, तर मी आईला घेऊन मनुरेवा उपनगरात त्याच्या घरी जाणार. कायमची."

तिची आई, आनंदीबाई, पुण्याहून लेकीकडे आलेल्या. त्या निमूटपणे सगळ्यांना पोहे वाढत होत्या.

धैर्यशीलने खिशातून भलंमोठं लोहचुंबक काढलं आणि तो गालिच्यावर पालथा पडला.

"सर," देवव्रत म्हणाला. तपास चालू असताना 'सर' म्हणायची सक्ती होती. "ब्राँझ चुंबकाला चिकटत नाही."

"म्हणूनच चोराने ब्राँझ निवडलं!"

पाऊण तासात हाती केसांचे दोन आकडे आणि चारुदत्तचा हरवलेला स्क्रू लागला. मग धैर्यशील खिडकीत गेला. "मॅगपाय! चकचकीत वस्तू दिसली की हा पक्षी उचलतो."

"ती चकचकीत नाहीये, सर. शेवाळलेल्या कौलासारखी दिसते."

"मग मॅगपाय म्हातारा असणार. त्याला दिसत नसणार." पण म्हाताऱ्या पक्ष्याला खिडकीची कडी उघडता येईल का, यावर अडलं, आणि धैर्यशीलने घारीची नजर चारुदत्तकडे वळवली. "पिन बघून प्रसाद काय म्हणाला?"

"म्हणाला, गंजलीय."

"वस्तूला नावं ठेवायची आणि मग ती लांबवायची! लाव फोन."

"नको," देवव्रत म्हणाला. पण ग्लेनिसबाई यायची वेळ झाली होती आणि चारुदत्तचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याने स्पीकरवर फोन लावला, आणि नको ते विचारलं.

"मी चोर?" प्रसाद कडाडला. "भावोजी, संध्याकाळी येतो आणि आईला आणि ताईला घेऊन जातो. पुन्हा तुमच्या दारात पाऊल नाही ठेवणार!"

स्नेहलता तडक आत गेली. कपाटावरून बॅग उतरवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात बेल वाजली. "किया ओरा!" असं माओरीत अभिवादन करत ग्लेनिसबाई आत आल्या. आनंदीबाईंनी नमस्कार केला. ग्लेनिसबाईंनीही हात उचलले, पण ते जुळायच्या आत तसेच थांबले. त्यांची नजर आनंदीबाईंच्या डाव्या खांद्यावर खिळली होती.

"अय्या," असंच काहीसं त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही तर ती लावलीत!"

पदराच्या चुण्या नीट धरून रोमन पिन खांद्यावर बसली होती.

"आई!" चारुदत्त किंचाळला.

"ओरडताय काय? काल दाखवून झाल्यावर ताटाशेजारीच टाकली असणार तुम्ही, आणि रिकामी डबी कपाटात ठेवली. टेबल पुसताना मला मिळाली, मी बांगडीत अडकवली. पिना आम्ही बांगडीतच ठेवतो. सकाळी पदराला लावली."

"मग बोलला का नाहीत?"

"तिच्यासाठी एवढा धट्टाकट्टा पुरुष गालिच्यावर लोळतोय, म्हटलं ती सोन्याचीच असणार. ही असेल असं मला कसं वाटावं? आणि मला विचारलं कुणी?"

देवव्रतने गुप्तहेराकडे पाहिलं. गुप्तहेर पोह्यांकडे पाहत होता.

ग्लेनिसबाईंचे डोळे भरून आले होते. "तीस वर्षं मी या पिना डब्यांतच बघत आले. खांद्यावर, कामात असलेली आज बघतेय."

"आई, हळूच काढा हं," चारुदत्तने तळहात पुढे केला. "वाकवू नका."

आनंदीबाईंनी अंगठा पिनेवर ठेवला, आणि तिथेच ठेवला. "काढते की. आधी प्रसादची माफी मागा."

"आधी पिन..."

"बघा बाई. हल्ली माझा हात फार वेळ स्थिर राहत नाही."

"हे ओलीस प्रकरण आहे!" धैर्यशील सरसावला. "वाटाघाटी मी..."

"तुम्ही पोहे खा," आनंदीबाई म्हणाल्या. त्याने खाल्ले.

चारुदत्तने फोन लावला. तो चुकलो म्हणाला, गाढव आहे म्हणाला, दिवाळीला सहकुटुंब या म्हणाला. आतून स्नेहलता येऊन दाराशी उभी राहिली. शेवटी पलीकडून प्रसाद हसल्याचं ऐकू आलं, तेव्हा आनंदीबाईंनी फोन आपल्याकडे घेतला.

"हो रे, सापडला चोर. पोलीस नकोत, मीच आहे. आणि ऐक, संध्याकाळी जेवायलाच ये. येताना सेफ्टी पिनांचं एक पाकीट आण. यांच्याकडे सगळ्या जुन्या आहेत."