चढावरच्या बाकाचा विषय

कोणतंही शहर पाणी, रस्ते आणि दिवे यांच्यावर चालत नाही. ते कृतज्ञतेवर चालतं. आमच्या शहरात पहिल्या तिन्ही गोष्टी अधूनमधून बंद असतात आणि शहर तरीही चालू आहे, यातच सगळं आलं. हे सत्य ओळखणारी नगरपरिषद आम्हाला लाभली हे आमचं भाग्य. (तसा ठरावही झालेला आहे.)

परिषदेची सर्वसाधारण सभा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी भरते. सभागृह जुनं पण भारदस्त आहे. घोड्याच्या नालेसारखी मांडलेली टेबलं, त्यांवर हिरवं कापड, प्रत्येक सदस्यापुढे माईक आणि त्यांतला एक चालू. भिंतींवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी आहेत. भिंती संपल्यामुळे शेवटच्या दोघांना दारामागे जागा मिळाली आणि दार उघडं असलं की ते झाकले जातात. म्हणून सभा दार लावून भरते. लोक उगाच भलता अर्थ काढतात.

सभेचा क्रम ठरलेला आहे: आधी अभिनंदनाचे ठराव, मग शोकप्रस्ताव (शोकानंतर टाळ्या बऱ्या दिसत नाहीत) आणि मग 'इतर विषय'. गटारं, शाळांची छपरं, नळाला येणारं किंवा न येणारं पाणी हे सगळं 'इतर'मध्ये. यामागचा विचार सरळ आहे. काम राहिलं तर काम रुसत नाही. मान राहिला तर माणूस रुसतो.

अभिनंदनात परिषदेचा हात धरणारं कोणी नाही. ज्या शाळेचा निकाल चांगला लागला तिचं अभिनंदन होतं. ज्या शाळेचा लागला नाही तिचं जिद्दीबद्दल होतं. कोणाचा भाचा परदेशी गेला तर भाच्याचं, परत आला तर मामाचं. सत्कार असे वाढत गेले, आणि एक दिवस असं लक्षात आलं की अजून कसलाच गौरव न झालेला शहरात एकच माणूस उरला आहे: बाजारातला किल्ल्या बनवणारा. परिषदेने 'शहरातील एकमेव गौरवरहित नागरिक' म्हणून त्याला मानपत्र दिलं. मानपत्र हातात पडताच तो त्या मानाला अपात्र ठरला, पण सभ्य माणूस, त्याने कुठे बोभाटा केला नाही.

शोकप्रस्तावाची रीत याहून गंभीर आहे. सूचक उभा राहून पोकळी निर्माण झाल्याचं सांगतो. अनुमोदक ती भरून न येणारी असल्याचं सांगतो. (रस्त्यांतल्या पोकळ्या बांधकाम विभागाकडे येतात. त्याही भरून येत नाहीत, पण त्यांच्यासाठी कोणी उभं राहत नाही.) मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात आणि दिवंगताच्या आदरार्थ सभा तहकूब होते. इतर विषय पुढच्या महिन्यावर जातात.

पूर्वी हा मान फक्त माजी अध्यक्षांना होता. नंतर माजी सदस्यांना मिळाला. त्यानंतर शहराच्या जडणघडणीत ज्यांचा वाटा आहे अशा सर्वांना. शहराची आजची अवस्था पाहता तीत कोणाचा वाटा नाही हे ठरवणं कठीण गेलं आणि मान सर्वांना खुला झाला. शहर मध्यम आकाराचं आहे, महिन्याकाठी कोणी ना कोणी जातंच. एखाद्या महिन्यात नाही गेलं, तर शेजारच्या शहराने वेळ निभावून नेलेली आहे.

या थोर परंपरेशी आमच्या घराचा संबंध आला तो एका बाकामुळे.

माझे बाबा बसचे कंडक्टर होते. नोकरीभर लोकांना "बसून घ्या, बसून घ्या" म्हणत ते स्वतः उभे राहिले. निवृत्तीनंतरही सगळं गाव त्यांना कंडक्टरकाकाच म्हणायचं. आमच्या घरापासून दवाखान्याकडे जाणारा रस्ता चढाचा आहे, आणि आईला दम्यासाठी तिथे वारंवार जावं लागतं. चढाच्या मध्यावर छापखान्याची भिंत लागते. तिथे आईला धाप लागते, आणि धाप लागलेली लोकांना दिसू नये म्हणून ती भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभी राहते. शिकवण्या, पंपदुरुस्ती, हमखास केस उगवणारं तेल, सगळं तिला पाठ होतं.

बाबांनी तिथे एक बाक मागितला. अर्जात लिहिलं, 'नागरिकांच्या सोयीसाठी'. नागरिक म्हणजे आई. सोबत जागेचा नकाशा काढून दिला, आणि बांधकाम विभागाच्या मागे लागून 'जागा सपाट व योग्य आहे' असा अभिप्रायही मिळवून जोडला. विषय सभेपुढे आला. 'इतर'मध्ये.

परिषदेचे सचिव भला माणूस. प्रत्येक सभेनंतर ते बाबांना बाहेर येऊन स्वतः सांगायचे.

"कंडक्टरकाका, पुढच्या मंगळवारी नक्की."

"आज कोण?"

"माजी उपाध्यक्ष. पहाटेच गेले."

"थोडी कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?"

बाबांनी घरी येऊन हे सांगितल्यावर आई भडकली. "अहो, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?"

"गेलेल्याबद्दल कुठे बोलतोय? गेलेले बसले आरामात. मी उभ्या असलेल्यांबद्दल बोलतोय."

असे बरेच मंगळवार गेले. दुसरा कोणी असता तर त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं असतं. बाबांनी कंडक्टरच्या पद्धतीने विचार केला. गाडी शेवटच्या थांब्याला न्यायची असेल तर कोणाला मधे उतरू द्यायचं नाही.

त्यांनी शहरातल्या म्हाताऱ्या माजी सदस्यांच्या घरी जायला सुरुवात केली. कोणाला मफलर गुंडाळायचे, कोणाच्या गोळ्या तपासायचे, कोणाला धरून दवाखान्यात न्यायचे. म्हातारे हरखले. खुर्ची गेल्यापासून त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नव्हतं. त्यांतले सगळ्यांत वयस्कर मोठेसाहेब, एकेकाळचे अध्यक्ष आणि आता दारामागची तसबीर. अंथरुणाला जवळजवळ खिळलेले. बाबा त्यांच्या उशाशी बसून बजावायचे,

"साहेब, मंगळवारपर्यंत जपा. गार पाणी नको, जिना नको, बातम्या नकोत."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी तुमची मर्जी."

यावर मोठेसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. वार सोमवार होता.

पुढे साहेब काठी घेऊन अंगणात यायला लागले. बाबांचं पाऊल वाजलं की आतूनच ओरडायचे, "अरे, आहे मी अजून! मंगळवार झाला का?" बाबाही नंतर नंतर मंगळवार उलटून गेल्यावरसुद्धा त्यांच्याकडे जायला लागले. आई म्हणायची, "बाक राहिला बाजूला, यांना तिकडे दोस्त मिळाला." त्या वर्षी माजी सदस्यांचं मृत्युमान लक्षात येण्याइतकं घटलं. आरोग्य विभागाने त्याबद्दल स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव करून घेतला.

आणि एका महिन्यात खरोखरच कोणी गेलं नाही. आमच्याकडे नाही, शेजारच्या शहरातही नाही. 'इतर'मधले जुने विषय अर्जदारांनी कंटाळून सोडून दिले होते, त्यामुळे बाबांचा बाक विषय क्रमांक एकवर आला. सचिव विषयपत्रिका घेऊन स्वतः घरी आले. बाबांनी निवृत्तीनंतर न घातलेला गणवेशाचा कोट काढला, इस्त्री केला आणि खुंटीला लावला. आई म्हणाली, "बाक मागायला चाललात की तिकिटं फाडायला?" बाबा म्हणाले, "सभेत कोणी उभं दिसलं तर सवयीने बोलून जाईन, म्हणून कोट. म्हणजे कोणाला नवल वाटणार नाही."

रविवारी दुपारी बाबा गेले. जेवण झाल्यावर खुर्चीत बसले होते. डॉक्टर म्हणाले, बसल्या बसल्या गेले, नशीबवान. (कोटाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.)

मंगळवारी सकाळी आई म्हणाली, "चल, जाऊन येऊ."

"आई, आज?"

"त्यांचा विषय आहे. घरातलं कोणी हजर नको?"

आम्ही गेलो. प्रेक्षकांच्या सज्जात आम्हाला पुढच्या खुर्च्या दिल्या. खाली पाहते तर मोठेसाहेब आलेले. कित्येक वर्षांनी ते सभागृहात येत होते. दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. आईने माझा हात दाबला. "बघ, बाकासाठी आले." मलाही तसंच वाटलं.

अध्यक्षांनी त्यांना बोलण्याची खास परवानगी दिली. चालू असलेला माईक त्यांच्यापुढे सरकवण्यात आला.

"मी या घरात पंचवीस वर्षं बसलो," ते म्हणाले. "पण मी आजारी पडल्यावर इथलं कोणी आलं नाही. एक कंडक्टर आला. मला म्हणायचा, मंगळवारपर्यंत जपा. मला जपत राहिला, आणि मंगळवारच्या आधी स्वतःच..." माईक जवळ ओढून ते म्हणाले, "माझी एवढीच विनंती आहे. जो मान मला मिळायचा आहे, तो त्याला द्या."

सभागृहात कोणाचेही डोळे कोरडे नव्हते. माझेही नव्हते. साहेबांनी मनापासून दिलं होतं, आणि त्यांच्यापाशी देण्यासारखं तेवढंच होतं. सूचकाने पोकळी सांगितली, अनुमोदकाने ती भरून न येणारी असल्याचं सांगितलं, आणि पुढे काय होणार ते मला दिसायला लागलं. मी खाली जाऊन सचिवांना गाठलं.

"बाकाचं तेवढं आधी घेता येईल का?"

"ताई, आजच्या दिवशी?"

"आजच्याच दिवशी तो विषय आहे."

"तुमच्याच वडिलांचा मान आहे हो." त्यांनी विषयपत्रिका मिटून काखेत धरली. "त्यात मधेच बाक कसा घालायचा?"

सगळे उठले. बसायला जागा मागणाऱ्या माणसासाठी सगळं सभागृह उभं राहिलं. मी सज्जाकडे पाहिलं. आई कठड्याला धरून उभी होती. थोड्या वेळाने तिला धाप लागली आणि ती खाली बसली. इतिवृत्तात 'सर्व उपस्थितांनी उभे राहून' अशी नोंद आहे. परिषदेने आईला सांभाळून घेतलं.

सभा तहकूब झाली.

पुढच्या महिन्यात 'अर्जदार हयात नसल्याने' विषय निकाली निघाला. मी नव्याने अर्ज केला. तो 'इतर'च्या यादीत सगळ्यांत शेवटी लागला आहे. पण परिषद कृतघ्न नाही. दवाखान्याच्या चढाला 'कंडक्टरकाका चढ' असं नाव देण्याचा ठराव अभिनंदनाच्या भागात एकमताने मंजूर झाला. (दिवंगताचं अभिनंदन कसं, अशी शंका एकाने काढली. पण शोकाच्या भागात घेतला असता तर पुन्हा सभा तहकूब करावी लागली असती.) पाटीसाठी चढाची पाहणी झाली. दोन खांब रोवता येतील एवढी सपाट जागा एकच निघाली, छापखान्याच्या भिंतीशी. जागा योग्य असल्याचा अभिप्राय बाबांच्या अर्जाला आधीच जोडलेला होता, त्यामुळे काम विनाविलंब झालं.

अनावरणाला पाहुण्यांसाठी खुर्च्या आणल्या होत्या. आईला पहिल्या रांगेत बसवलं, बरोबर त्या जागी. भाषणं तासभर चालली. समारंभ संपल्यावर टेम्पो आला, आईला उठायची विनंती झाली आणि खुर्च्या गेल्या.

"तासभर का होईना, बसले बाई," आई उतरताना म्हणाली. "तुझ्या बाबांनी काम केलं म्हणायचं."

आई अजून त्या चढाने जाते. मध्यावर आली की पाटीच्या खांबाला एक हात लावते आणि श्वास बसेपर्यंत वाचत राहते: 'नागरिकांच्या सोयीसाठी झटलेले कंडक्टरकाका यांच्या स्मरणार्थ, नगरपरिषदेतर्फे सादर.' काल मी बरोबर होते. ती बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "तेलाच्या जाहिरातीपेक्षा बरी आहे. खोटं कमी आहे."

आता थोडं तुमच्याविषयी. तुम्ही हे सगळं बसून वाचलंत, ते बरंच केलंत. बाबांना आवडलं असतं. मधे कुठेतरी तुम्हाला हसू आलं असेल, आणि शेवटी शेवटी वाईटही वाटलं असेल. खरंच वाटलं असेल, मला शंका नाही. त्या सभागृहातही कोणी खोटं रडत नव्हतं. आता तुम्ही पान उलटाल. सावकाश उलटा. म्हणजे इतिवृत्तात तहकुबीची वेळ नीट नोंदता येईल.