आरती अडली, ट्रकही अडला

निघोज्याच्या त्या कारखान्यात खंडेनवमीला लेथपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते आणि पुजलेल्या यंत्राला आरती होईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही, हा सयाजीकाकांचा कायदा. काका स्टोअरमधले सगळ्यात जुने. मालकसुद्धा त्यांच्यापुढे आवाज खाली करतात. कॉम्प्युटरवाल्या अवधूतला हा कायदा ठाऊक नव्हता. तो नवा होता आणि त्याची नोकरी पक्की करायची की हातात नारळ द्यायचा, हे मॅनेजर सुहासिनी मॅडम त्याच दिवशी सांगणार होत्या.

सकाळी डिस्पॅचच्या नवनाथने एका ट्रकचा पत्ता बदलून तळेगावचा करायला सांगितलं. अवधूतने डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन सुरू केलं, बदलाचा हुकूम सोडला. आता 'कमिट' म्हटलं की बदल कायम. तोवर ट्रकांची अख्खी यादी त्याच्या एकट्याच्या ताब्यात, बाकीच्यांनी खोळंबायचं. तो 'कमिट' टाइप करणार, तेवढ्यात काकांनी त्याला खुर्चीसकट मागे ओढलं, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं आणि मॉनिटरला झेंडूची माळ घातली. आरतीला असा कितीसा वेळ लागणार, असं अवधूतला वाटलं. बिचारा.

थोड्याच वेळात गेटवरून बोंब आली. ट्रक भरून उभा, पण गेटपास निघेना. नवनाथने आधी प्रिंटरला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला, मग नेटवर्कवाल्याच्या खानदानाला. गोम कुठे आहे ते फक्त अवधूतला कळलं होतं: गेटपास त्याच अडकलेल्या यादीवरून निघायचा. तो माळ बाजूला सारायला गेला, तर काकांनी मनगट धरलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सोडवावं म्हटलं, तर काकांनी एव्हाना ऑफिसातले सगळेच पुजून ठेवले होते आणि गेटवरच्या कॉम्प्युटरवर फक्त पास निघायचे.

"काका, एकच शब्द टाइप करायचाय. ट्रक अडकलाय."

"आरती झाल्यावर कर की."

"मग आरती करून टाका ना."

"नवनाथ आल्याबिगर? सगळी माणसं लागत्यात."

"अहो, ट्रक गेल्याशिवाय नवनाथ गेट सोडणार नाही."

"मग घालव की ट्रक. मी कुठं अडवलाय?"

अवधूत बोटांवर मोजू लागला. आरती नवनाथसाठी थांबलेली, नवनाथ ट्रकसाठी, ट्रक कॉम्प्युटरसाठी आणि कॉम्प्युटर आरतीसाठी. याला डेडलॉक म्हणतात आणि तो सोडवायला एकाला माघार घ्यावी लागते, हे त्याने मुलाखतीत फाडफाड सांगितलं होतं. पण माघार घ्या, असं काकांना सांगणार कोण? एवढ्यात दारात सुहासिनी मॅडम उभ्या. गेली नोकरी, असं त्याने मनात धरूनच टाकलं.

पण मॅडम काही विचारायच्या आत कौशल्याबाई आल्या. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या या बाई आंब्याच्या पानाने पाणी शिंपडत होत्या आणि त्यांचा हात भलताच सढळ. निम्मा तांब्या वायरींच्या बोर्डावर गेला. फट्ट आवाज झाला आणि अवधूतचा कॉम्प्युटर बंद पडला. कमिट न झालेला बदल डेटाबेसने आपोआप मागे घेतला, यादी मोकळी झाली. नवनाथने गेटपास काढून त्यावर तळेगावचा पत्ता पेनानेच खरडला, ट्रक हाकलला आणि धापा टाकत आरतीला येऊन उभा राहिला.

प्रसाद वाटून झाल्यावर मॅडमनी अवधूतची तारीफ केली. एवढ्या गोंधळात पोराने डोकं शांत ठेवलं म्हणाल्या. मग त्या कौशल्याबाईंकडे वळल्या, आणि बोर्ड जाळल्याबद्दल त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणायला लागल्या. अवधूतने तोवर दुसऱ्या बोर्डावर कॉम्प्युटर लावून सकाळचा हुकूम पुन्हा वाचला होता. आपली चूक त्याच्या लक्षात आली होती. गप्प बसला असता तर नोकरी खिशात होती. पण त्याला राहवलं नाही.

"मॅडम, बाईंना काही बोलू नका. कुठला ट्रक, हेच मी हुकुमात लिहिलं नव्हतं. कमिट केलं असतं तर आजचे सगळेच ट्रक तळेगावला गेले असते. बाईंच्या पाण्याने वाचलो आपण."

मॅडमनी कपाळावर हात मारला. मग त्यांना हसू आवरेना.

"दोघांचीही नोकरी पक्की," त्या म्हणाल्या. "याने कॉम्प्युटर चालवायचा, आणि हा वाहवत गेला की बाई, तुम्ही पाणी मारायचं."

कौशल्याबाईंनी अवधूतला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मारते की," त्या म्हणाल्या. "पर ह्याच्याकडं बघत बसायचं म्हंजी ओव्हरटाइम लागंल, मॅडम."